सभेत बोलायचंय? मग मत, सूचना, हरकत, निषेध यातला फरक आधी समजून घ्या

माझी आत्या एकदा ग्रामसभेत उभी राहिली आणि चांगली दहा मिनिटं बोलली. विषय पाण्याच्या टाकीचा होता, टाकीची जागा गावाच्या खालच्या अंगाला धरली होती आणि तिथून वरच्या आळीला पाणी चढणार नाही हे तिला हंडे वाहून वाहून कळलेलं, तिने ते सगळं नीट समजावून सांगितलं, लोकांनी माना डोलावल्या, दोघातिघांनी 'बरोबर बोलली' असंही म्हटलं. महिन्याभराने ठरावाची नक्कल काढली तर त्यात एकच ओळ होती, 'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' आत्याचं नाव नाही, चढउताराचा उल्लेख नाही. ती कमी बोलली नव्हती, पण सगळं 'मला आपलं असं वाटतं बाबा' यावर संपलं होतं, 'माझी हरकत आहे आणि ती नोंदवून घ्या' हे सात शब्द राहून गेले होते.

तेव्हापासून मी या शब्दांकडे फार बारकाईने बघायला लागलो. आमच्या सोसायटीचं इतिवृत्त, म्हणजे सभेत काय झालं त्याची लेखी नोंद, काही वर्षं मीच लिहिलं त्यामुळे दुसरी बाजूही माहितीय. सभेत वीस माणसं एकदम बोलत असतात, लिहिणाऱ्याच्या वहीत उतरतं ते ज्याला नाव आहे तेवढंच, म्हणजे ठराव, सूचना, हरकत, विरोध. बाकीचं सगळं 'चर्चा झाली' या दोन शब्दांत जातं. म्हणून आपण जे बोलतोय त्याचं नाव आपणच सांगायचं, लिहिणाऱ्यावर सोडायचं नाही.

सुरुवात मत या शब्दापासून करू. आपल्याकडे मत म्हणजे मनात जे वाटतं ते पण आणि पेटीत टाकतो ते पण. 'मत मांडणं' आणि 'मत देणं' यात म्हणूनच गोंधळ होतो. सभेत तुम्ही मत मांडलं म्हणजे तुमचा विचार सांगितला, त्यावर कोणी काही करायलाच पाहिजे असं बंधन कोणावर येत नाही. मत दिलं म्हणजे हात वर केला, मोजणी झाली, आकडा झाला. पुष्कळ लोक छान मत मांडतात आणि हात वर करायच्या वेळी चहाच्या कपाकडे वळलेले असतात, माझ्या डोळ्यासमोर असे ठराव तीन-चार मतांनी पास झालेत. मतदानाची वेळ आली की उठून जाऊ नका, हात वर करा, दोन मिनिटं लागतात.

'मला वाटतं' हे सगळ्यात मवाळ. घरात, मित्रांत ठीक आहे. 'माझं मत असं आहे' हे त्याच्यापेक्षा एक पायरी वर, यात तुम्ही विचार करून आलाय हे कळतं. आणि 'माझं म्हणणं असं आहे' हे मला सगळ्यात आवडतं कारण ते अगदी घरगुती वाटतं पण आहे कोर्टाचं. कोर्टात समोरच्या पार्टीने काही अर्ज केला की आपल्याला 'म्हणणे सादर करा' असं सांगतात, वकील लोक त्याला सरळ 'से दिला' (इंग्रजीतला say) म्हणतात. सरकारी नोटिशीतही खाली ओळ असते ना, 'विहित मुदतीत म्हणणे प्राप्त न झाल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल', ती ओळ दोनदा वाचा. गप्प बसलात तर तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ काय लावायचा ते त्यांनी आधीच छापून ठेवलंय. अशी नोटीस आली की दोन ओळींचं का होईना पण लेखी म्हणणं द्यायचंच.

आता सूचना. हिंदीत सूचना म्हणजे माहिती, आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे याचे दोन अर्थ आणि दोन्ही उलट दिशेने जातात. वरच्याने खालच्याला 'सूचना दिली' तर तो जवळजवळ हुकूमच असतो, आणि सभासदाने सभेला 'सूचना केली' तर तो सल्ला. क्रियापदाकडे लक्ष द्या, देणं आणि करणं. सभासद म्हणून तुम्ही सूचना करता, आणि ती केली की ती स्वीकारायची का नाही हे सभेच्या हातात. पण हीच सूचना रीतसर मांडली, म्हणजे 'मी अशी सूचना मांडतो की कचऱ्याचं कंत्राट देण्याआधी तीन दरपत्रकं मागवावीत' आणि शेजारच्या कोणी 'माझं अनुमोदन आहे' म्हटलं, तर तिचा ठराव होतो आणि मग अध्यक्षांना ती मतदानाला टाकावी लागते. सूचक आणि अनुमोदक अशी दोन नावं वहीत येतात. त्यामुळे सभेला जायच्या आधी अनुमोदन देणारा एक माणूस तयार ठेवा, त्याच्याशी आदल्या दिवशी बोलून घ्या. एकट्याची सूचना बऱ्याचदा हवेत राहते, हे मी अनुभवाने सांगतो.

समोर मांडलेला ठराव तुम्हाला अर्धाच पटत असेल तर त्यासाठी उपसूचना असते. म्हणजे मूळ ठराव तसाच, त्यात एवढा बदल करा. 'पार्किंगचे दर वाढवायला माझा विरोध नाही, माझी उपसूचना आहे की दुचाकीला वाढ लावू नये.' लोक याऐवजी सगळ्या ठरावालाच विरोध करून बसतात आणि मग अर्धं मिळण्यासारखं असतं तेही जातं.

हरकत. या शब्दावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे कारण तो आपल्याकडे सगळ्यात कामाचा आहे आणि सगळ्यात कमी वापरला जातो. मूळ अरबी शब्द, तिथे अर्थ हालचाल. हिंदीत गेला तर कृती, आणि बरेचदा वाईट कृती, 'ओछी हरकत' वगैरे. गाण्यात गेला तर गवय्याने घेतलेली छोटीशी सुरेख जागा. आणि मराठीत आला तो थेट आक्षेप म्हणून बसला. 'काही हरकत नाही' आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, आणि तेच वाक्य कागदावर गेलं की 'ना हरकत दाखला' होतं ज्याच्यावर जमिनीचे, बांधकामाचे, दुकानाचे व्यवहार अडकलेले असतात. म्हणजे बघा, तोंडाने सहज म्हटलेलं 'माझी काही हरकत नाही' सभेत संमती म्हणून लिहिलं जाऊ शकतं. बेसावधपणे ते म्हणू नका. नक्की ठरलं नसेल तर 'मी यावर आत्ता मत देत नाही, मी तटस्थ आहे' असं म्हणा, तटस्थ हीसुद्धा नोंदवायची गोष्ट आहे.

हरकत घेताना तीन गोष्टी एका दमात यायला पाहिजेत, कशाला हरकत, का हरकत, आणि नोंदवून घ्या. 'विषय क्रमांक ४ ला माझी हरकत आहे, कारण टाकीची जागा वरच्या आळीपेक्षा खाली आहे आणि तिथून पाणी चढणार नाही, ही हरकत माझ्या नावासह इतिवृत्तात नोंदवावी.' झालं. एवढंच. दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा हे जड आहे.

शहरात हरकतीचा सगळ्यात मोठा उपयोग विकास आराखड्याच्या वेळी होतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली नगरपालिका किंवा महापालिका प्रारूप आराखडा प्रसिद्ध करते आणि 'हरकती व सूचना' मागवते. त्याला मुदत असते, साधारण ३० दिवस, नक्की तारीख जाहिरातीतच बघा. तुमच्या घरावरून रस्ता दाखवला असेल, शेजारच्या मैदानाचं आरक्षण उठवलं असेल तर हाच वेळ. इथे कायद्याने सुनावणी द्यावी लागते, म्हणजे तुमचं म्हणणं समोरासमोर ऐकून घ्यावं लागतं. आता फरक बघा, याच काळात तुम्ही मोठा मोर्चा काढला, भाषणं केली, पण लेखी हरकत दाखल केली नाही तर सुनावणीच्या यादीत तुमचं नावच नसतं. मोर्चा जरूर काढा, त्याने वातावरण होतं, पण आधी हरकत द्या. प्रभाग रचना, मतदार यादी यांच्या वेळीही हेच शब्द असतात, हरकती व सूचना, आणि तिथे तर मुदत फारच थोडी मिळते.

यातही हरकत कुठली आणि सूचना कुठली हे अर्जाच्या वरच लिहा. जे आहे ते नको म्हणायचंय, ती हरकत. जे नाही ते हवंय, ती सूचना. एकाच अर्जात दोन्ही असतील तर वेगवेगळे परिच्छेद करा, नाहीतर साहेब अर्ज वाचताना शेवटच्या ओळीतली सूचना धरतात आणि वरची हरकत राहून जाते.

विधानसभेचं कामकाज टीव्हीवर बघताना 'हरकतीचा मुद्दा' हे ऐकलं असेल. हरकतीचा मुद्दा म्हणजे सभा नियमाप्रमाणे चाललेली नाही हे दाखवून देणं, विषय चांगला की वाईट याच्याशी त्याचा संबंध नाही. हे सोसायटीतही चालतं आणि फार उपयोगी पडतं. नोटीस पूर्ण १४ दिवस आधी मिळाली नाही, गणपूर्ती (कोरम, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी) झाली नाही, विषयपत्रिकेत नसलेला मोठा खर्च 'आयत्या वेळचे विषय' मध्ये घुसवला, अशा वेळी 'अध्यक्ष महोदय, माझा हरकतीचा मुद्दा आहे' असं म्हणायचं आणि आवाज न चढवता नियम सांगायचा. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली कमी असेल ती संख्या. सोसायटीत मात्र नोटिशीतच लिहिलेलं असतं की गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे तिथे हा मुद्दा अर्ध्या तासापुरताच असतो. तो अर्धा तास शेजाऱ्यांना फोन करून खाली बोलवायला वापरा.

विरोध आणि हरकत एक नाही. हरकतीला कारण लागतं, विरोधाला नाही लागलं तरी चालतं, 'माझा या ठरावाला विरोध आहे' एवढं पुरे. पण विरोध मोजला जातो हे लक्षात ठेवा, आणि इथेच तो 'सर्वानुमते' शब्द येतो. सर्वानुमते म्हणजे एकही विरोध नाही. बहुमताने म्हणजे विरोध होता पण कमी होता. इतिवृत्तात या दोनमध्ये जमीन अस्मानाचा फरक आहे. उद्या तुम्ही उपनिबंधकांकडे किंवा सहकार न्यायालयात गेलात तर पहिला प्रश्न हाच येणार, तुम्ही सभेत होतात, मग विरोध केला होता का? सर्वानुमते लिहिलेलं असेल तर तुमचा विरोध कागदावर नाहीच. म्हणून ठराव वाचून दाखवला की लगेच हात वर करून म्हणायचं, 'सर्वानुमते लिहू नका, माझा विरोध आहे, बहुमताने लिहा.' हे म्हणायला जड जातं, मला माहितीय, समोर रोज जिन्यात भेटणारी माणसं असतात. भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात ते अशाच प्रसंगांसाठी. आवाज नरम ठेवा, माणसाचं नाव घेऊ नका, ठरावाच्या क्रमांकाचं नाव घ्या, मग भीड पण राहते आणि विरोध पण राहतो.

निषेध हा शब्द हल्ली फार स्वस्त झालाय आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. संस्कृतात निषेध म्हणजे मनाई, विधी-निषेध मधला, हिंदीत आजही 'धूम्रपान निषेध' म्हणजे तेच. मराठीत त्याचा अर्थ झाला जाहीर नापसंती, चुकीचं घडलं ते आम्हाला मान्य नाही असं चारचौघांत सांगणं. म्हणजे निषेध घडून गेलेल्या गोष्टीचा असतो. लिफ्टच्या खर्चाचा प्रस्ताव नुसता मांडलाय, अजून मंजूर पण नाही, तिथे 'जाहीर निषेध' करून उपयोग नाही, तिथे हरकत किंवा विरोध. एखाद्या बाईला सभेत अपमान करून खाली बसवलं, तिथे मात्र निषेधच पाहिजे, तिथे 'माझी एक सूचना आहे' असं मिळमिळीत म्हणू नका. आणि 'निषेध करतो' पेक्षा 'निषेध नोंदवतो' म्हणा, परत तेच, वही. धिक्कार त्याच्याही पुढचा, तो मोर्चातल्या घोषणेत शोभतो, अर्जात नको.

सभेच्या बाहेरचे शब्द आता थोडक्यात, कारण यांची अदलाबदल झाली की कागद चुकीच्या टेबलावर जातो. अर्ज म्हणजे मला स्वतःला काहीतरी हवंय, दाखला, नळजोड, नोंद. तक्रार म्हणजे कोणीतरी करायचं ते केलं नाही किंवा चुकीचं केलं, त्यात तारीख, जागा, काय घडलं आणि काय करून हवंय एवढं पाहिजे. निवेदन म्हणजे बऱ्याच लोकांच्या वतीने मांडलेली मागणी, खाली सह्या असतात, शिष्टमंडळ जाऊन तहसीलदार नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांना देतं. कार्यक्रमात माईक धरून बोलते ती निवेदिका पण त्याच शब्दातली, कारण निवेदन म्हणजे मुळात सांगणं. हिंदीत निवेदन म्हणजे विनंती, तो अर्थ डोक्यात ठेवून लोक मराठी निवेदनात नुसती 'कृपया, कृपया' करत राहतात आणि मागणी काय तेच लिहीत नाहीत. मागण्यांना आकडे घाला, १, २, ३, पाचाच्या वर नेऊ नका.

आणि यातलं काहीही दिलं की पोच घ्या. आपल्याकडच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. हे शब्द ऑफिसात गेल्यावर मोठ्याने म्हणा, 'साहेब, पोच द्या', लाजायचं काही कारण नाही, तुमचा हक्क आहे तो. पोच नसलेलं निवेदन म्हणजे फोटो काढला आणि संपलं. जिल्ह्याला दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे वैयक्तिक तक्रार घेऊन जाता येतं, पण तिथेही आधी खालच्या ऑफिसला काय दिलं होतं हे विचारतात, तेव्हा तीच पोच कामाला येते.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकराला टाकलेला मोठा मेसेज म्हणजे हरकत नव्हे, कितीही अंगठे पडले तरी. तोच मजकूर सकाळी कागदावर लिहून सेक्रेटरींना द्या.

आरोप. इथे खरोखर जपून. आपल्या राज्यघटनेच्या कलम १९ (१) (क) ने बोलायचं स्वातंत्र्य दिलंय आणि १९ (२) मध्ये वाजवी निर्बंध पण सांगितलेत, त्यात अब्रुनुकसानी येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ३५६ मध्ये आहे. सभेत उभं राहून 'चेअरमननी पैसे खाल्ले' म्हटलं की तो आरोप झाला, आता सिद्ध करायची जबाबदारी तुमच्या गळ्यात, आणि सभा विषय सोडून तुमच्यावरच चालू होते. त्याऐवजी प्रश्न विचारा. 'रंगकामाला अंदाजपत्रकात इतके होते, बिल इतकं आलं, फरकाचा तपशील आणि व्हाउचर सभेपुढे ठेवावेत, आणि यावर समितीने लेखी खुलासा द्यावा.' खुलासा शब्द इथे मराठी अर्थाने, म्हणजे स्पष्टीकरण. हिंदी चॅनेलवाल्यांचा खुलासा म्हणजे गौप्यस्फोट, तो हल्ली मराठी बातम्यांतही घुसलाय, पण सभेत खुलासा मागितला की समोरच्याला स्पष्टीकरण द्यावं लागतं असाच अर्थ होतो आणि तो तसाच राहू द्या. प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर 'खुलासा मागितला, देण्यात आला नाही' एवढी नोंद करून घ्या, ती कुठल्याही आरोपापेक्षा पुढे जास्त चालते.

टीका करायलाही घाबरू नका, टीका म्हणजे शिव्या नव्हेत. गीतेवर ज्ञानेश्वरांनी लिहिली ती पण टीकाच, म्हणजे अर्थ उकलून दाखवणं. कामावर टीका करा, त्यातला खर्च, वेळ, दर्जा यावर बोला. माणसाच्या घरावर, जातीवर, बायकामुलांवर गेलात की ती टीका राहत नाही, आणि तुमच्या बाजूची चार शहाणी माणसं पण त्या क्षणी गप्प होतात.

बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. पुष्कळ गावांत ती सह्या घेऊन उरकतात. तिथे जा, बसा, आणि मोठ्या सभेत बोलायला संकोच वाटत असेल तर इथे ठराव करून घ्या, मग पुढच्या सभेत एकटीने 'मला वाटतं' म्हणायची वेळ येत नाही, 'महिला सभेचा ठराव आहे' असं म्हणता येतं. आत्याने दुसऱ्या वेळी हेच केलं. २६ जानेवारीच्या सभेआधी दहाबारा बायकांना घेऊन गेली, सूचक ती, अनुमोदक समोरच्या घरातली काकू, आणि ठराव तीन ओळींचा. मोठ्या सभेत उभी राहिली तेव्हा फार बोललीच नाही. 'सरपंच साहेब, महिला सभेचा ठराव वाचून दाखवा आणि टाकीच्या जागेला आमची हरकत आहे ती नावानिशी लिहा', एवढं म्हणून ग्रामसेवकांचं लिहून होईपर्यंत उभीच राहिली.

शेवटचं काम सभा संपल्यावरचं आहे. हजेरीच्या रजिस्टरवर सही करताना वर काय लिहिलंय ते वाचा, उपस्थिती की संमती. मग इतिवृत्ताची प्रत मागा, सोसायटीत मसुदा सभासदांना पाठवायचा असतो आणि त्यावर लेखी म्हणणं देता येतं. त्यात आपल्या नावापुढे कुठला शब्द आलाय तो बघा, हरकत घेतली म्हटलं होतं आणि 'सूचना केली' लिहिलंय का, विरोध होता आणि 'चर्चेत भाग घेतला' झालंय का. तसं असेल तर पुढच्या सभेला वेळेवर जा, अगदी सुरुवातीलाच 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा पहिला विषय असतो, लोक अजून खुर्च्या शोधत असतात तेव्हा तो दोन मिनिटांत उरकतो, आणि तुमचा शब्द दुरुस्त करून घ्यायची जागा तीच आहे.